उन्हाआधीची पात

धुरपताबाईच्या मते ऊन लागायचं ते फक्त कामचुकारांना. हे ती न विचारताच सांगायची आणि धामणखेड्यात सगळ्यांना ते पाठ झालं होतं. निंदणाला आलेली एखादी पोरगी कमरेवर हात ठेवून जरा वर बघू लागली की धुरपताबाई सुरू व्हायची, "काय वं, सूर्य नवा आला का? तुह्या जल्माच्या आधीपासून तथीच हाय तो. चाल, पात धर."

पात म्हणजे एका बाईच्या वाट्याला येणारी पिकाची ओळ. खुरपं घेऊन बसायचं आणि गवत काढत, बसल्याबसल्या सरकत, ती ओळ बांधापर्यंत न्यायची. सगळ्या बायांच्या पाती एका रेषेत चालल्या पाहिजेत हे बघणं धुरपताबाईचं काम. गावातली निंदणाची टोळी तिच्या शब्दावर चालायची. कोणाच्या शेतात आज, कोणाच्या उद्या, हे तीच ठरवायची. मोठमोठे कास्तकार तिच्या दाराशी येऊन ओट्यावर बसायचे आणि चहा घ्यायचे. नवरा तानबा दोन शेळ्यांमागे फिरणारा, कमी बोलणारा माणूस. गावात त्याची ओळखसुद्धा 'धुरपताबाईचा मालक' अशीच होती आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे.

सून मयुरी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघ्याची. लग्न होऊन आली ती तोंड बांधायची सवय घेऊनच. शेतात जाताना लुगड्यावरून नवऱ्याचा, धर्मेंद्रचा, जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवायची, डोळे सोडून सगळं तोंड ओढणीनं गुंडाळायची आणि त्याआधी गालाला कसलासा मलम लावायची. धुरपताबाईला आयता विषय मिळाला.

"बँक लुटाले चालली का वं?" ती भर टोळीत विचारायची. "अन् गोरी होऊन कोनाले दाखवतं? धर्म्या तं दिवसभर वर्ध्यात आटो चालवते. तो रस्ता पाह्यन का तुह्याकडे पाह्यन?"

बाया खो खो हसायच्या. मयुरी ओढणीच्या आत हसायची की रडायची ते कुणाला दिसायचं नाही.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला, कपाशी गुडघ्याला लागली, आणि ऐन पोळ्याच्या तोंडावर त्यानं दडी मारली. आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. ओल होती तोवर तण माजलं होतं, आता वरून ऊन तापायला लागलं. आणि सगळ्यांत जास्त माजलं होतं गाजरगवत. धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर, पांदीच्या वाटेला, नाल्याच्या काठाला, जिथं बघाल तिथं त्याची ती गाजरासारखी पानं आणि बारीक पांढरी फुलं. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत. बाया ते हातानं उपटायच्या आणि धुऱ्यावर ढीग घालायच्या.

धुरपताबाईच्या मानेला खाज दोन सालांपासून होती. ती तिनं हिशेबात धरली नव्हती. त्या वर्षी मात्र पापण्या सुजल्या, गळ्याखालचा उघडा भाग आणि कोपरापासून पुढचे हात काळे पडून जाड झाले. पाठ, पोट, लुगड्याआडचं सगळं अंग मात्र कोरं. उन्हात गेली की उघडी कातडी तव्याला लागल्यासारखी भाजायची. तिनं खोबरेल तेलात कापूर टाकून लावला, मग कडुनिंबाचा पाला वाटून लावला, मग कुणीतरी सांगितलं म्हणून दही लावलं. तानबा म्हणाला, "आता फक्त फोडनी राह्यली." ती हसली नाही तेव्हा त्याला कळलं की प्रकरण साधं नाही.

रूपराव नावाच्या कास्तकाराच्या शेतात निंदण चालू होतं. दुपारी बाया बाभळीखाली शिदोरी खायला बसल्या. पाण्याचा डबा फिरत होता, त्याच्यासोबत एक स्टीलचा गिलास. एकीनं प्यायचं, दुसरीला द्यायचा, अशी रीत. गिलास रुख्माबाईच्या हातात होता. ही रुख्माबाई टोळीतली जुनी बाई, धुरपताबाईच्या बरोबरीची आणि तोंडानं तिच्याहून तिखट. धुरपताबाईनं हात पुढे केला. रुख्माबाईनं गिलास बाजूला ठेवला आणि डबाच उचलला.

"ओंजळ कर," ती म्हणाली.

धुरपताबाई बघतच राहिली. "काऊन? गिलास फुटला का?"

"तसं नाई वं. पन तुह्या हाताले हे काय झालं ते आपल्याले मालूम नाई. माह्या घरी नातू हाय लहानसा."

ज्या बाया एरवी श्वास न घेता बोलतात त्या सगळ्या आपापल्या भाकरीकडे बघत होत्या. धुरपताबाईनं ओंजळ केली. वरून पाणी पडलं, ते ती प्यायली. अर्धं लुगड्यावर सांडलं. मग ती उठली आणि सगळ्यांच्या आधी पातीला जाऊन बसली, भर उन्हात, उघड्या तोंडानं. मयुरी तिच्या शेजारच्या पातीला आली. सासूचे डोळे पाण्यानं भरलेले होते आणि ते पुसायलासुद्धा तिला हात लावता येत नव्हता, इतक्या पापण्या ठणकत होत्या.

"आई, उद्या वर्ध्याले चाला."

"काय कराले?"

"डाक्टरले दाखवाले. मी तुमाले इचारून नाई राह्यली, सांगून राह्यली."

सुनेनं असं बोलावं आणि सासूनं ऐकून घ्यावं, हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं.

धर्मेंद्रनं आटोतून दोघींना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन सोडलं. रांगेत धुरपताबाई पदर नाकापर्यंत ओढून बसली होती. तिच्या मनात एकच शब्द घुमत होता आणि तो ती तोंडावर येऊ देत नव्हती. आत गेल्यावर कातडीची डॉक्टरीण निघाली तरुण पोरगी. तिनं मान, पापण्या, हात उलटसुलट करून बघितले, पिनेनं टोचून विचारलं, समजतं का. समजत होतं.

"बाई," धुरपताबाईनं अखेर विचारलंच, "महारोग तं नाई ना?"

"अजिबात नाही. आणि तो असता तरी गोळ्यांनी बरा झाला असता. हे उन्हानं वाढलंय. जिथं कपडा आहे तिथं काही नाही, बघा. हा मलम रात्री लावायचा, हा दुसरा घराबाहेर पडण्याआधी. पूर्ण बाह्या, तोंड झाकलेलं. आणि दहा ते चार उन्हात जायचं नाही."

"दहा ते चार?" धुरपताबाईला हसू आलं, मलूल का होईना. "मायबाई, आमचं काम असते अकरा ते पाच. मंग मी जाऊ कवा?"

डॉक्टरणीनं चिठ्ठीवर मलमांची नावं लिहून दिली. "निदान सावलीत बसा," ती म्हणाली. "महिन्यानं परत या."

आता सावलीत बसायचं ही आज्ञा धुरपताबाईनं अक्षरशः पाळली. दुसऱ्या दिवसापासून ती धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसू लागली आणि तिथूनच टोळी हाकू लागली. धर्मेंद्रचा आणखी एक शर्ट तिनं चढवला आणि मयुरीनं दिलेली ओढणी बांधली. बाया बघतच राहिल्या. बँक लुटायची वेळ तिच्यावर आली, असं एक जण पुटपुटली. धुरपताबाईनं ऐकलं आणि म्हणाली, "हो वं, आली. हासा." कुणी हसलं नाही. पण दोन दिवस गेले, चार गेले, तशी कुजबूज व्हायला लागली. बाकीच्यांनी उन्हात घासायचं आणि हिनं ठेकेदारासारखं सावलीत बसायचं, हे कुणाला रुचणार? बायांनी उपटलेलं गाजरगवत रोज धुऱ्यावर येऊन पडायचं. ती त्याच्यावरच ऐसपैस बसायची, मऊ लागायचं. दुपारी थोडी आडवी व्हायची, तर तेच गोळा करून उशाला घ्यायची.

आणि अंग बरं व्हायच्या ऐवजी पार बिघडलं. ओढणीच्या आत तोंड सुजलं. कानामागून पाणी यायला लागलं. बोटं मिटेनात. सकाळी तानबानं चहाचा कप तिच्या ओठाला लावून धरला. तो शेळ्या न सोडताच घरी बसून राहिला.

"सावलीत बसून वाढलं," ती म्हणाली. "म्हंजे उनाचं नाईच हे. त्या पोरीले काई समजलं नाई. हे तेच हाय, धर्म्याचे बाबा. मले गावाबाहेर झोपडं बांधून द्या."

"बांधतो," तानबा म्हणाला. "दोघापुरतं बांधतो. पन आधी दवाखान्यात चाल."

महिना व्हायच्या आधीच मयुरीनं तिला परत नेलं. डॉक्टरणीनं ओढणी सोडायला लावली आणि तोंड बघितलं. मग तिची नजर ओढणीच्या टोकाला गेली. तिथं वाळलेला एक फाटा अडकला होता, बारीक पांढऱ्या फुलांचा. तिनं तो कागदाच्या कपट्यानं उचलला.

"हे कुठून आलं?"

"ते? गाजरगवत हाय. धुऱ्यावर असते. मी बसतो ना त्याच्यावर."

"त्याच्यावर बसता?"

"मऊ लागते."

"आणि झोपता?"

"उशाले घेतो थोडं," धुरपताबाई म्हणाली. आपलं काहीतरी चुकलं हे तिला आत्ता कुठं समजायला लागलं होतं.

डॉक्टरणीनं कपाळाला हात लावला. मग ती हसली आणि हसता हसता तिनं धुरपताबाईच्या खांद्यावर हात ठेवला, जिथं कातडी चांगली होती तिथं. "आजी, चूक माझी आहे. मी तुम्हाला सावलीत बसा म्हटलं, सावलीखाली काय आहे ते विचारलं नाही. तुमच्या अंगाला या गवताचं वावडं आहे. ते हाताला लागलं, वाऱ्यानं त्याची फुलं तोंडावर उडाली, की कातडी बिघडते. आणि बिघडलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती पेटते. दोन्हीपासून जपायचं. हे कुणाला तुमच्यापासून लागत नाही. एका ताटात जेवा."

"एका गिलासानं पानी पेलं तं?"

"खुशाल प्या."

धुरपताबाई त्या स्टुलावर बसल्या बसल्या रडायला लागली. भाजणाऱ्या पापण्यांवरून पाणी गेलं तरी तिनं ते जाऊ दिलं. परत येताना आटोत तिनं मयुरीचा हात आपल्या मांडीवर घेऊन धरला. बोरगाव मेघे गाव मागे पडलं. मग म्हणाली, "तू नसती तं मी झोपड्यात जाऊन मेली असती वं. अन् मी तुले काय काय बोलली."

"बोलत राह्यजा," मयुरी म्हणाली. "तुमी गप बसल्या का मले भेव वाटते."

गोळ्यांनी आणि मलमानं सूज उतरली. पण खरा प्रश्न तिथंच होता. काम अकरा ते पाच, ऊन दहा ते चार. टोळी सोडली तर धुरपताबाईजवळ राहतं काय? सकाळी उठून जायचं कुठं? तिच्याशिवाय चालणारी टोळी घरातून बघत बसायची, ही कल्पना तिला दुखण्याहून जड जात होती. तरी तिनं मनाशी ठरवलं आणि संध्याकाळी रुख्माबाईच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. बसली नाही.

"टोळी तू सांभाळ," ती म्हणाली. "तुले सगळं येते. माह्यानं आता उनात होत नाई. अन् हे लागनारं नाई, डाक्टरनं सांगतलं. नातवाले भेव नाई."

रुख्माबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "मले मालूम नव्हतं," एवढंच म्हणाली.

बरोबर आलेली मयुरी ओट्याखालून म्हणाली, "मावशी, मी एक म्हनू? आपन अकराले जातोच काऊन?"

"अकराले नाई तं काय पयाटी जाऊ? अवं, सैपाक, पानी, भांडी, मान्साचं जेवन, सगळं झाल्याशिवाय बाई घराभाईर पडते का? माह्या सासूच्या टायमापासून अकराचंच हाय."

"म्हंजे मान्साले ताजी पोळी भेटावी म्हनून आपन भर उनात जातो."

रुख्माबाईनं सूप बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत हे असं कुणी मांडलं नव्हतं. उजाडता जायचं, ऊन चढायच्या आत परत यायचं, राहिलेलं काम चारनंतर, असं मयुरीचं म्हणणं. ऐकायला सोपं होतं. पण त्यासाठी गावातल्या प्रत्येक घरातली चूल हलवावी लागणार होती, आणि चूल हलवणं म्हणजे काय ते बायांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारापाशी धुरपताबाईनं टोळी बोलावली. आयुष्यात तिनं बायांना हुकूम सोडले होते, मागितलं काही नव्हतं. आता मागायची वेळ आली तर तिची जीभ अडखळली. कसंबसं तिनं सांगितलं, दुखणं काय आहे आणि आपल्याला काय पाहिजे. "तुमाले जमत नसन तं मले राग नाई," ती म्हणाली.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, माह्या घरचा चहाबी हातानं घेत नाई. दुसरी म्हणाली, पोरांची शाळा असते. रुख्माबाई तर आलीच नव्हती. हो कुणी म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही, आणि बाया पांगल्या.

रूपरावकडे मात्र तानबा स्वतः गेला. आपल्या बायकोसाठी तो पहिल्यांदाच कुणाच्या दारी जात होता. रूपराव म्हणाला, "सकाळी कोन मजूर येते बाप्पा? मंग दुपारी म्हनसान, अंग दुखते." तानबा म्हणाला, "थंड्यात जास्त पात निंघते, रूपरावभाऊ. तुमी चार दिवस करून पाहा. नाई पटलं तं तुमी अन् तुमचं वावर." एवढं लांब वाक्य तानबाच्या तोंडून ऐकून रूपरावच गडबडला आणि हो म्हणून बसला.

त्या पहाटे तानबा आधी उठला. गॅस पेटवून त्यानं चहा ठेवला, कणीक मळायला घेतली आणि ती इतकी सैल झाली की धर्मेंद्र म्हणाला, "बाबा, हे पोळी हाय का खीर?" तरी दोघांनी मिळून तीन-चार वाकड्यातिकड्या पोळ्या केल्या आणि ठेच्यासोबत डब्यात घातल्या. धुरपताबाईनं मलम लावला, शर्ट चढवला, ओढणी बांधली. सूनही तयार. दोघी निघाल्या.

तांबडं फुटायचं होतं. पारापाशी कुणी नव्हतं. थोडा वेळ थांबल्या. एक कुत्रं येऊन त्यांना हुंगून गेलं. हातपंपावर कुणी नाही, वाटेवर कुणी नाही.

"झालं," धुरपताबाई म्हणाली. "त्याहीचं काई चुकलं नाई वं. एकीपायी कोन आपलं घर उलथंपालथं करन?"

"आपन दोघी जाऊ," मयुरी म्हणाली.

पांदीनं दोघी चालत गेल्या. रूपरावच्या शेताच्या अलीकडे वळण आहे. तिथं पोचल्या आणि समोरून एकदम ओरडण्याचा आवाज आला.

"धुरपते! तथीच थांब! जवळ येऊ नोको!"

रुख्माबाई होती. धुरपताबाई थांबली. सगळं सांगून झालं, डॉक्टरणीचा शब्द देऊन झाला, आणि तरीही जवळ येऊ नको? ती मागे फिरणार होती, पण मयुरीनं तिचा दंड धरून ठेवला.

"आई, पाहा तं."

उजेड थोडा वाढला होता. धुऱ्यावर सगळी टोळी वाकलेली होती. प्रत्येकीच्या अंगात नवऱ्याचा नाहीतर पोराचा शर्ट, तोंडं बांधलेली, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मनगटाशी सुतळीनं आवळलेल्या. रुख्माबाईनं अंधारातच गोळा केलेल्या त्या बाया बाभळीच्या बुडापासून पार पांदीपर्यंतचं गाजरगवत मुळासकट उपटत होत्या. उपटलेलं सगळं दूर नाल्याच्या पलीकडे, रूपरावनं खणून दिलेल्या खड्ड्यात नेऊन टाकत होत्या. अर्ध्याहून जास्त धुरा उघडा, काळा झाला होता.

"हवा इकडून हाय," रुख्माबाई ओरडली. "तू त्या वरल्या अंगाले जाऊन उभी राह्य. फुलं उडून राह्यली. आमचं झालं का मंग ये."

धुरपताबाई वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन उभी राहिली. दोन्ही हात जोडले होते आणि ते जोडलेत हे तिला माहीत नव्हतं. कोणीतरी म्हणालं, माह्या घरचा आज चहा जाळून बसला. कोणी म्हणालं, माह्या पोरानं शाळेत बिस्किटं खाऊन जातो म्हनलं. हसण्याचा आवाज पहाटेच्या थंडाव्यात लांबपर्यंत जात होता. धुरपताबाई मात्र ओढणीच्या आत हमसून रडत होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

धुरा साफ झाला. बायांनी पिशव्या काढून खड्ड्यात टाकल्या, हातपाय साबणानं धुतले आणि कपाशीत आल्या. रुख्माबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. धापा टाकत होती.

"रुख्मे," धुरपताबाई म्हणाली, "माह्यासाठी एवढं..."

"तुह्यासाठी कोन आलं वं?" रुख्माबाईनं तिला तोडलं. "आमाले कातडी नाई का? एवढी वर्सं भाजून घेतली. कोन्या मान्सानं म्हनलं नाई, बाई, उन हाय, थांब. तुले झालं म्हनून आमाले सुचलं." मग आवाज खाली करून ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुले ओंजळीनं पानी पाजलं. तवापासून माह्या गळ्याखाली घास नीट उतरला नाई."

धुरपताबाईला पुष्कळ बोलायचं होतं. टोळीला शिव्या देताना तिला कधी शब्द कमी पडले नव्हते, आज एकही जवळ येईना. अखेर ती सगळ्यांकडे बघत म्हणाली, "मायहो, तुमचं हे मी जल्मात विसरनार नाई."

"नोको विसरू," रुख्माबाई म्हणाली. "पन आता पात धर. उन येऊन राह्यलं."